मनुस्मृती जाळली, पण आमच्या हातातल्या कात्रीचे काय?



दरवर्षी 25 डिसेंबरला आम्ही मूलमध्ये मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम घेतो. 1927 साली महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला, स्त्री आणि शूद्र यांना एकाच दोरीने बांधणारा कायदा आगीत टाकला गेला, हे आम्ही माईकवरून तावातावाने सांगतो. समोर सतरंजीवर बाया बसलेल्या असतात. स्टेजवर आम्ही पुरुष असतो. मनूने बाईला कसे लिहिले, रामायणाने सीतेला कसे वागवले, पुराणांनी अहल्येचे काय केले, यावर आमच्यातला प्रत्येक जण अर्धा तास बोलू शकतो. कुणी विचारलेच तर आम्ही सांगतो की ही 'स्त्रीवादी समीक्षा' आहे. आमच्यापैकी काहींनी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, त्यामुळे शब्द आम्हाला कमी पडत नाहीत.

आता त्याच माईकवर कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही 14 एप्रिलसाठी स्मरणिका काढायचे ठरवले. आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका ताईंनी वही आणून दिली. चाळीसेक पाने, पेनाने लिहिलेली, काही पाने दोनदा लिहिलेली. त्यात त्यांचे लहानपण होते, आजीने सांगितलेली 1956 ची आठवण होती, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाताना पाटलाच्या पोराने मारलेली हाक होती. आणि शेवटी चार पाने नवऱ्याची होती. नवरा चळवळीतला. मोर्चात पुढे, भाषणात पुढे. घरी आल्यावर काय व्हायचे, ते त्या चार पानांत होते.

आम्ही काय केले? आम्ही पाटलाचा पोरगा छापला आणि नवरा कापला.

संपादक मंडळात आम्ही पाच पुरुष होतो. चर्चा झाली, पण फार नाही. 'चळवळीची बदनामी होईल.' 'समोरच्यांच्या हाती कोलीत मिळेल.' 'हा घरगुती विषय आहे, याचे सामाजिक मूल्य काय?' हे तिसरे वाक्य आमच्यातल्या सर्वांत शिकलेल्याचे होते. ताईंना आम्ही सांगितले की जागा कमी पडली. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मनूनं आमाले लिवू नाही देल्लं. तुमी लिवू देता, पन छापू नाही देत. फरक कोनता झाला?" वही घेऊन गेल्या. अभ्यासवर्गाला पुन्हा आल्या नाहीत.

हा लेख त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. उत्तर असे आहे की फरक फार कमी झाला. आणि तो का कमी झाला, हे आम्ही पुरुषांनीच बोलायला हवे.

फुल्यांनी काय केले, ते आधी पाहू

स्त्रीवादी समीक्षा ही परदेशातून आलेली, विद्यापीठात शिकवायची गोष्ट आहे असे आमच्या पोरांना वाटते. आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापले. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला गेला. ताराबाईंनी विचारले की जे दोष बाईला चिकटवता ते पुरुषांत नाहीत का? आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पोथ्या-पुराणांत आणि त्या काळच्या कथा-नाटकांत बाईचे चित्र कोण काढतो, कसे काढतो, याचीही त्यांनी झडती घेतली. समीक्षा म्हणजे आणखी वेगळे काय असते?

या पुस्तकावर टीका झाली. ती फक्त सनातन्यांनी केली असती तर नवल नव्हते. सत्यशोधक गोटातूनही नापसंती आली. 'दीनबंधू' सुरू करणारे कृष्णराव भालेकर हे जोतीरावांचे सहकारी, पण त्यांनाही हे पुस्तक पचले नाही. तेव्हा जोतीरावांनी काय केले? 1885 साली 'सत्सार'मधून ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले आणि आपल्याच माणसाला सुनावले. संघटना लहान होती, शत्रू मोठा होता, 'फूट पडेल' ही भीती आमच्यापेक्षा त्यांना जास्त असायला हवी होती. तरी त्यांनी असे म्हटले नाही की ताराबाई, तुझे खरे आहे, पण आत्ता वेळ नाही.

पुढे ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. 'स्त्री-पुरुष तुलना' विस्मरणात गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकांसमोर आले. म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे एका बाईची समीक्षा कपाटात पडून राहिली. एका पुरुषाने तिची बाजू घेतली आणि दुसऱ्या एका पुरुषाने तिची प्रत शोधून छापली. पुरुषाचे काम काय, हे या दोन उदाहरणांत आहे. दोघांनीही ताराबाईंच्या पुस्तकातली अडचणीची पाने कापली नाहीत.

बाबासाहेबांनी आपल्या जवळचे पुस्तकही तपासले

बाबासाहेबांना आम्ही 'स्त्रियांचे उद्धारक' म्हणतो आणि विषय संपवतो. त्यांना उद्धारक म्हटले की आम्हाला वाचायचे काम उरत नाही. वाचले तर काय दिसते?

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी लागतात, हा त्यातला मुद्दा. म्हणजे जातीचा दरवाजा बाईच्या शरीरावर बसवलेला आहे. हे पंचविशीतल्या एका पुरुषाने मांडले. 'आधी जात, मग बाई' असे म्हणणाऱ्याने हा निबंध वाचलेला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला आहे.

पण आम्हाला आज दुसऱ्या लेखाकडे लक्ष वेधायचे आहे. 1950 मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात असा आरोप आला की भारतातल्या स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार आहे. बाबासाहेबांनी 1951 मध्ये 'महाबोधी' नियतकालिकात त्याला उत्तर दिले, 'हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती' या लेखात. आरोपाचा आधार होता महापरिनिब्बान सुत्तातला बुद्ध आणि आनंद यांचा एक संवाद, ज्यात स्त्रियांपासून लांब राहण्याचा उपदेश आहे. बाबासाहेबांनी काय केले? 'हे आपल्या तथागतांचे वचन आहे, याला हात लावू नका' असे म्हटले नाही. 'अहो, संदर्भ पाहा' म्हणून सारवासारवही केली नाही. त्यांनी विचारले की हे सुत्त लिहून कधी ठेवले गेले? कुणी ठेवले? बुद्धाच्या बाकी वागण्याशी हा उतारा जुळतो का? विशाखेशी, आम्रपालीशी, महाप्रजापतीशी तो कसा वागला? मग त्यांनी निष्कर्ष काढला की हा उतारा पुढच्या काळात भिक्खूंनी घुसडलेला आहे.

कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणाच्या सोयीसाठी लिहिले. स्त्रीवादी समीक्षेचे हे मूळ प्रश्न आहेत. ज्या धम्माकडे ते स्वतः चालले होते, त्याच धम्माच्या ग्रंथाला त्यांनी ते लावले. आमच्यात किती जणांनी हे प्रश्न आपल्या आवडत्या पुस्तकाला, आपल्या आवडत्या गाण्याला, आपल्या आवडत्या नेत्याच्या भाषणाला लावले आहेत? मनूला लावणे सोपे आहे. मनू आपल्या घरी जेवायला येत नाही.

'दलित स्त्रिया वेगळे बोलतात', हे कोण बोलले आणि आम्ही काय ऐकले

आमच्या चर्चेत कुणी स्त्रीवादाचे नाव काढले की एक पुरुष हमखास उठतो आणि म्हणतो, 'स्त्रीवाद हा सवर्ण बायकांचा. गोपाळ गुरूंनी सांगून ठेवले आहे.' आम्हीही असे उठलो आहोत, म्हणून हक्काने लिहितो.

गोपाळ गुरू यांचा 'दलित विमेन टॉक डिफरंटली' हा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त 1995 साली आला. त्यांनी दोन कारणे दिली. एक बाहेरचे: बिगरदलित शक्ती दलित बाईचा प्रश्न सगळ्या बायांच्या एकसारख्या प्रश्नात विरघळवून टाकतात. दुसरे आतले: दलित समाजातली पुरुषी सत्ता. आम्ही पहिले कारण पाठ केले आणि दुसरे गिळून टाकले. वरच्या जातींनी दलितांना दाबायला जी हत्यारे वापरली, तीच दलित पुरुष आपल्या बायांवर वापरतात, असे गुरूंनी त्याच लेखात स्पष्ट लिहिले आहे. आणि साहित्याबद्दलही लिहिले आहे. दलित पुरुष लेखक दलित स्त्रियांच्या लेखनाची गंभीर दखल घेत नाहीत, ते उडवून लावतात, आणि दलित साहित्य संमेलनांत, संस्थांत वरच्या जागांवर आम्ही का नाही हा बायांचा सवाल रास्त आहे, असे त्यांचे म्हणणे. 1995 चा म्हणून सोडून द्यावा असा हा लेख नाही, त्यानंतर वर्षे गेली आणि तो जुना झाला नाही, ही आमची लाज आहे.

1998 मध्ये शर्मिला रेगे यांनी याच शीर्षकाचा धागा धरून उत्तर लिहिले. 'वेगळ्या आहेत' एवढे म्हणून भागणार नाही, असे त्या म्हणाल्या. वेगळेपणाचे कौतुक करून सवर्ण स्त्रीवादी मोकळ्या होतात, 'तुमचे तुम्ही बघा' म्हणतात. दलित स्त्रीच्या जागेवरून जग पाहणे ही एक भूमिका आहे आणि ती इतरांनीही कष्टाने, स्वतःला बदलून घ्यायची आहे. सत्तरच्या दशकातल्या चळवळींबद्दल रेगेंनी एक नेमके निदान केले: दलितत्वाचे पुरुषीकरण झाले आणि स्त्रीत्वाचे सवर्णीकरण झाले. 'दलित' म्हटले की पुरुष डोळ्यासमोर येतो, 'स्त्री' म्हटले की सवर्ण बाई. मधली जी उरली तिचे काय?

साथींनो, सवर्ण स्त्रीवादाला जाब विचारायचा तर विचाराच. आम्हीही विचारतो. पण तो जाब विचारण्याचा हक्क आमच्या मायबहिणींचा आहे आणि त्यांनी तो बजावला आहे. त्यांचा जाब चोरून आपल्या बचावाला वापरणे हा वेगळाच धंदा झाला.

आमच्या घरातले सैद्धांतिक ब्राह्मण

गुरूंनी 2002 साली आणखी एक फटका मारला. भारतातल्या समाजशास्त्रांत काही जण सैद्धांतिक ब्राह्मण असतात आणि बाकीचे अनुभवजन्य शूद्र. म्हणजे सिद्धांत मांडायचा वरच्यांनी, अनुभवाचा कच्चा माल पुरवायचा खालच्यांनी. आम्हाला हे वाक्य फार आवडते. विद्यापीठात आमच्या मुलांना 'तुम्ही फक्त अनुभव लिहा' म्हणतात तेव्हा आम्ही ते तोंडावर फेकतो.

आता ते वाक्य घरात आणून ठेवा. दलित पुरुषाचे आत्मकथन आले की आम्ही त्याला क्रांतीचा दस्तऐवज म्हणतो, त्यावर सौंदर्यशास्त्र उभे करतो. दलित बाईचे आत्मकथन आले की म्हणतो, 'प्रांजळ आहे, हृदयस्पर्शी आहे, संसाराच्या आठवणी आहेत.' पुरुषाने लिहिले की विचार, बाईने लिहिले की आठवण. बाईने भोगायचे, आम्ही मांडायचे. आपल्या घरात सैद्धांतिक ब्राह्मण कोण आहे, हे सांगायला आणखी पुरावा हवा का?

पुरावा हवा असेल तर तीन पुस्तके घ्या.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', 1981. नागपूरच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या. महार घरातल्या मुलीने संस्कृतमध्ये एम.ए. केले. शाबासकी मिळाली, नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय लग्न झाले, आडनाव बदलले आणि मग सरकारी महाविद्यालयातली नोकरी मिळाली. कुमुद सोमकुवर बाहेरच राहिली, असे त्या सांगतात. हे वाचून आमचे पुरुष म्हणतात, 'पाहा, जात!' सवर्ण बाई म्हणते, 'पाहा, नवऱ्याचे नाव!' दोघांनीही अर्धेच वाचले. जात आणि बाईपण एकाच आडनावात कसे बसते, हे त्या पुस्तकात आहे. त्याला आठवण म्हणणारा वाचक आंधळा आहे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं', पुस्तकरूपात 1986. फलटणला किराणा दुकानात बसून, बांधणीच्या कागदांवर त्यांनी लिहिले आणि वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत, सासवांचा जाच आहे, नवऱ्यांनी केलेली मारहाण आहे. पण स्वतःच्या नवऱ्याबद्दल फारसे नाही. ते त्यांनी पुढे इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. म्हणजे बेबीताईंनी स्वतःच कात्री लावली होती. समाजाचे दुःख मोठे, माझे त्यात कशाला, असा विचार होता. समीक्षकाचे काम इथे सुरू होते. छापलेल्या ओळी वाचता येणे पुरेसे नाही, न लिहिलेल्या जागा वाचता यायला हव्यात. आणि प्रश्न असा विचारायला हवा की बाईला आपल्याच माणसांसमोर गप्प का राहावे लागले? तिला कोणाची भीती होती? सवर्णांची? की आमच्यासारख्या संपादक मंडळाची?

उर्मिला पवार यांचे 'आयदान', 2003. संसार, शिक्षण, नोकरी, चळवळ यांची ओढाताण त्यांनी मोकळेपणाने लिहिली, नवऱ्याशी झालेले ताणही लिहिले. आमच्या एका चर्चेत या पुस्तकावर एका तासात पुरुषांनी एकच प्रश्न विचारला: 'हे लिहायची गरज होती का?' हाच प्रश्न पुण्या-मुंबईचे समीक्षक 1970 च्या दशकात दलित लेखकांना विचारत होते. घाण, शिव्या, भूक हे लिहायची गरज होती का? तेव्हा आम्ही चिडलो होतो. आता तोच प्रश्न आमच्या तोंडी आहे.

गाणे, नाटक आणि इतिहास

पुस्तके वाचणारे थोडे. गाणी ऐकणारे आणि नाटक पाहणारे सगळे. म्हणून संस्कृतीची समीक्षा तिथेही करावी लागेल.

7 फेब्रुवारीला रमाई जयंती. आपली रमाईची गाणी आठवा. गोवऱ्या थापणारी रमाई, ठिगळ लावणारी रमाई, रडणारी रमाई. गरिबी खरी होती, लेकरे गेली तेही खरे होते. पण हजार गाण्यांत एकच रमाई का? बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या थोरपणाची, शीलाची, धीराची नोंद केली. आमच्या गाण्यात धीराचे फक्त सोसणे झाले. मग तेच गाणे लावून आम्ही घरच्या बाईला सांगतो, 'रमाईने किती सोसले, तू एवढ्यावर कुरकुर करतेस?' गाण्याचा हा उपयोग होत असेल तर ते गाणे तपासायला हवे. गाणे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. नवीन गाणे लिहा म्हणतो, आणि ते बाईला लिहू द्या म्हणतो.

दिवाळी झाली, धान निघाले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगावी येतात. मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. लेकरे-ब्लँकेटे घेऊन बाया पहाटेपर्यंत बसतात. ही आपल्या मातीतली जिवंत रंगभूमी आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. पण टीव्हीवरच्या सवर्ण मालिकांना झोडपणारे आम्ही या स्टेजबद्दल गप्प का? दारुडा नवरा शेवटच्या अंकात सुधारतो, ते सुधारणे कोणाच्या मरणावर किंवा माफीवर होते? विधवेला, सोडलेल्या बाईला गोष्टीत जागा कुठे असते? मध्ये लावणी होते तेव्हा शिट्ट्या मारणारे हात कोणाचे असतात? आणि ती कलावंत बाई महिनोन्महिने घराबाहेर राहून ज्या मेहनतीने पोट भरते, तिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर काय बोलले जाते? हे विचारणे म्हणजे नाटकाचा अपमान नव्हे. ज्या कलेवर आपले प्रेम आहे तिला प्रश्न विचारायचे नाहीत, तर मग कोणाला विचारायचे?

इतिहासाचेही तेच. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. हजारो बाया आल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्याविरुद्ध कायदा हवा, कामकरी बायांना रजा हवी, असे ठराव झाले. 1951 मध्ये हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी राजीनामा दिला हे आम्ही सांगतो. त्यातल्या कित्येक मागण्या आमच्या बायांनी नऊ वर्षे आधी ठरावात घातल्या होत्या, हे सांगत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले नसते, तर आमच्या इतिहासात बाया फक्त जेवण रांधायला उरल्या असत्या. त्या शीर्षकातला 'ही' आम्हाला उद्देशून आहे.

आणि आमच्या जिल्ह्याचे काय? डिसेंबर 1996 मध्ये चंद्रपूरला विकास वंचित दलित महिला परिषद झाली. 25 डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, हा प्रस्ताव तिथे मांडला गेला. ज्या चंद्रपूरच्या भूमीवर 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथून चाळीस वर्षांनी बायांनी देशाला एक तारीख दिली. मूलपासून चंद्रपूर बसने तास-दीड तास. तरी आमच्या पत्रिकांवर आम्ही वर्षानुवर्षे फक्त 'मनुस्मृती दहन दिन' छापत राहिलो. ही छोटी चूक नाही. बायांनी त्या दिवसाला दिलेला अर्थ आम्ही कापला. पुन्हा तीच कात्री.

'पण चळवळीत फूट पडेल'

हा शेवटचा आक्षेप, आणि सर्वांत जुना. काँग्रेसवाले बाबासाहेबांना हेच म्हणत होते: आधी स्वातंत्र्य, मग अस्पृश्यता. कम्युनिस्ट म्हणत होते: आधी वर्ग, मग जात. आम्ही दोघांनाही उत्तर दिले. आता आम्ही बायांना म्हणतो: आधी जात, मग तुम्ही.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे आणि घरातले दोन मुलगे. गावाने आणि काही वर्तमानपत्रांनी आधी बाईच्या चारित्र्याची गोष्ट रचली, म्हणजे जात झाकता यावी. 2008 च्या निकालात न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही, आणि विनयभंगाचा गुन्हाही मानला नाही. म्हणजे जातही गेली आणि बाईही गेली. तिथे 'आधी जात, मग बाई' अशी रांग कोणी लावून दाखवावी. मारणाऱ्यांनी ती लावली नव्हती. त्यांना नेमके माहीत होते की दलित बाईवर हात टाकला की दोन्ही एकदम तुडवता येतात. आमच्या वाचनाला तेवढी अक्कल कधी येणार?

फूट बोलण्याने पडत नाही. ताईंनी वही दिली तेव्हा चळवळ एकसंध होती. त्या वही घेऊन गेल्या तेव्हा फूट पडली. आम्हाला ती दिसली नाही, कारण निघून जाणारी बाई मोर्चा काढत नाही, राजीनामा देत नाही. ती फक्त यायची थांबते.

याच्या उलट एक चूकही पाहतो आहोत. काही शिकलेले मित्र आता 'आम्ही स्त्रीवादी पुरुष' म्हणून मिरवतात. महिला दिनाला भाषण त्यांचेच, फेसबुकवर पोस्ट त्यांचीच. काल मनूवर अर्धा तास बोलणारा आज पितृसत्तेवर अर्धा तास बोलतो, माईक मात्र सोडत नाही. दुसरे काही जण म्हणतात, 'हा बायांचा विषय, आम्ही काय बोलणार,' आणि हात झटकतात. एकाने जागा अडवली, दुसऱ्याने कामातून अंग काढले. बायांच्या वाट्याला दोन्हीकडून सारखेच आले.

मग करायचे काय?

आम्ही मूलमध्ये आमच्यापुरते काही ठरवले आहे. मोठे काही नाही. पण केले नाही तर पुढच्या 25 डिसेंबरला बोलायचा हक्क आम्हाला नाही.

एक. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. तीन महिने ऐकायला बाया असतात आणि समारोपाला पुरुष. यावर्षी पुरुषांनी पहिल्या दिवसापासून सतरंजीवर बसायचे, आणि भोजनदानाच्या दिवशी रांधायला उभे राहायचे.

दोन. अभ्यासवर्गात प्रत्येक पुरुषाच्या पुस्तकामागे एका बाईचे पुस्तक. 'छान आहे, हृदयस्पर्शी आहे' हे शब्द बंद. त्या पुस्तकाने आपल्या कोणत्या विचाराला धक्का दिला, ते सांगायचे. धक्का बसला नसेल तर पुन्हा वाचायचे.

तीन. पत्रिकेवर 'मनुस्मृती दहन दिन आणि भारतीय स्त्रीमुक्ती दिन' असे पूर्ण छापायचे. वक्त्यांची यादी बाया ठरवतील.

चार. स्मरणिकेच्या संपादनात निम्म्याहून जास्त बाया. कोणाचेही पान 'चळवळीची बदनामी' म्हणून कापायचे नाही. ज्या वागण्याने बदनामी होते ते वागणे कापायचे.

पाच. बाईने आपल्यातल्या कार्यकर्त्याबद्दल लिहिले तर जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये केले ते करायचे. मित्राची बाजू सोडून लिहिणारीच्या बाजूला उभे राहायचे. हे पाचवे सर्वांत कठीण आहे, आम्हाला माहीत आहे. तो मित्र आमच्याच ताटात जेवलेला असतो.

या यादीचा ठराव झाल्यावर आम्ही दोघे-तिघे ताईंच्या घरी गेलो होतो. माफी मागितली. ती चार पाने पुढच्या अंकात, जशीच्या तशी छापू, असे म्हणालो. त्यांनी चहा दिला. वही दाखवली नाही. म्हणाल्या, "आता तुमी छापाले तयार झाल्या म्हनून मी देवाचं का? माहं मी पाहीन."

आम्ही परत आलो. पाने त्यांची आहेत, निर्णय त्यांचा. कधी छापायचे, कुठे छापायचे, की नाहीच छापायचे, हे आता आम्ही ठरवणार नाही. आमच्या हातात वाचणे आहे. ते तरी नीट शिकू.

तुमच्या गावात, तुमच्या विहारात, तुमच्या स्मरणिकेत किती पाने कापली गेली, ते तुम्ही मोजा. आणि मोजताना एखाद्या ताईला विचारून मोजा, कारण आम्हा पुरुषांना आकडा कमीच आठवतो.

जय भीम. जय सावित्री.